उंच बॉनेटच्या आत

माझ्या कपाटात एका जीपचे आरसी बुक आहे. जीप आता नाही. पुस्तकाच्या कडा तेलाने काळ्या पडल्या आहेत, शिक्के पुसट झाले आहेत. पण इंधनाच्या रकान्यातला शब्द अजून ठळक आहे – पेट्रोल. कागदोपत्री आमची जीप शेवटपर्यंत पेट्रोलवरच चालली. प्रत्यक्षात १९८७ च्या उन्हाळ्यानंतर तिच्या टाकीत पेट्रोलचा एक थेंबही पडला नाही.

हा लेख त्या एका शब्दाच्या खोटेपणाविषयी आहे. गाडीचे खोके तेच ठेवून आतले इंजिन बदलायचे, हा उद्योग आपल्याकडे गल्लीतल्या मिस्तरींनी केला आणि मोठमोठ्या कारखान्यांनीही केला. कारखान्याने केला तेव्हा त्याला 'नवे मॉडेल' म्हटले गेले, मिस्तरीने केला तेव्हा 'जुगाड'. मी इंजिनिअर नाही. धरणगावात वाढलो, बारावीनंतर शिक्षण सुटले, पुढचे जे काही शिकलो ते गॅरेजच्या पायरीवर आणि भंगारवाल्यांकडच्या फाटक्या मॅन्युअलांतून. तरी या विषयाचा माग काढताना माझ्या लक्षात एक गोष्ट आली, की आमच्या जीपचा आकारच मुळी अशा एका अदलाबदलीतून जन्मला होता. सुरुवात तिथूनच करतो.

आमची जीप महिंद्रची, सीजे-३बी जातीची. एका सरकारी खात्याच्या लिलावात आप्पांनी – म्हणजे माझ्या वडिलांनी – ती घेतली होती. ज्यांनी ती जीप पाहिली आहे त्यांना तिचे उंच बॉनेट आठवत असेल. दुसऱ्या महायुद्धाच्या सिनेमातली जीप बसकी दिसते. आपली मात्र कपाळ मोठे असलेल्या माणसासारखी. आप्पा सांगत, "नदी-नाल्यात पाणी इंजिनात जाऊ नये म्हणून केलंय ते." गिरणा-तापीच्या मुलखात हे कुणालाही पटावे असेच उत्तर होते. मीही ते वीस वर्षे खरे मानले.

खरे कारण वेगळे निघाले. १९३३ साली अमेरिकेतल्या विलिस कंपनीने 'विलिस ७७' नावाची एक स्वस्त, छोटी मोटार काढली. मंदीचे दिवस, गिऱ्हाइकाच्या खिशात पैसा नाही. म्हणून काटकसरीची गाडी. तिच्या चार सिलिंडरच्या इंजिनाची ताकद ४८ अश्वशक्ती. पुढे बार्नी रूस हा इंजिनिअर कंपनीत आला. नवे इंजिन उभे करायला पैसा नव्हता, म्हणून त्याने त्याच इंजिनाचा एकेक दोष काढत ते ६० अश्वशक्तीपर्यंत नेले. महायुद्धातल्या जीपला पळवणारे 'गो-डेव्हिल' इंजिन ते हेच. जगभर गाजलेल्या त्या जीपचे काळीज एका गरीब मोटारीकडून आलेले होते.

या इंजिनात सगळे व्हॉल्व्ह सिलिंडरच्या शेजारी, खालच्या ब्लॉकमध्ये असत. वरचे हेड म्हणजे केवळ झाकण. अशी रचना स्वस्त आणि दुरुस्तीला सोपी. पण आत येणाऱ्या हवेला वळसा घालून यावे लागते, आणि व्हॉल्व्ह मोठे करायला जागाही नसते. माणसाला धावताना एका नाकपुडीने श्वास घ्यायला लावावा, तसे ते होते. १९५० मध्ये विलिसने खालचा ब्लॉक जवळजवळ तसाच ठेवला. तोच ७९ मिलिमीटरचा बोअर, तोच १११ मिलिमीटरचा स्ट्रोक, तेच २१९९ सीसी. फक्त हेड बदलले. हवा आत घेणारे व्हॉल्व्ह मोठे करून वर हेडमध्ये नेले, धूर सोडणारे खालीच ठेवले. या इंजिनाला नाव मिळाले 'हरिकेन'. ६० ची अश्वशक्ती ७२ च्या घरात गेली.

पण व्हॉल्व्ह वर गेले, तसे इंजिनही उंच झाले. ते जुन्या बसक्या बॉनेटखाली मावेना. तेव्हा विलिसने १९५३ मध्ये जुन्याच जीपचे बॉनेट उचलून उंच केले आणि तिला सीजे-३बी म्हटले. नदीचा, पाण्याचा काही संबंध नव्हता. अमेरिकेत पुढे दोनच वर्षांत सीजे-५ ही गोल कपाळाची जीप आली आणि उंच बॉनेट मागे पडू लागले. भारतात मात्र तेच रूप घर करून राहिले. १९४५ साली 'महिंद्र अँड महम्मद' म्हणून सुरू झालेली आणि १९४८ मध्ये 'महिंद्र अँड महिंद्र' झालेली कंपनी १९४७ पासून मुंबईत जीप जोडत होती. सीजे-३बी तिने घेतली आणि कित्येक वर्षे सोडली नाही. कलेक्टर, बीडीओ, पोलीस, जंगलखाते, साखर कारखाना – ज्याच्या त्याच्या दारात ती उंच कपाळाची जीप उभी असे. ती सरकारची गाडी होती. सरकार ती वापरून झाले की लिलावात काढी आणि मग ती आमच्यासारख्यांची होई.

आता खानदेशाकडे येतो. तेव्हा धरणगाव एरंडोल तालुक्यात होते. गावाला सुरत-भुसावळ लाइनीचे स्टेशन आहे, त्यामुळे अमळनेर किंवा जळगावला जायचे तर गाडी होती. पण एरंडोल, कासोदा किंवा तापी ओलांडून चोपडा, ही सगळी उभी-आडवी जाण्यायेण्याची ठिकाणे रस्त्यानेच गाठावी लागत, आणि एसटी येईल तेव्हा येई. बाजाराच्या दिवशी, लग्नसराईत, कापसाच्या हंगामात ही भूक जीप भागवत. आमची जीप खाजगी पासिंगची होती आणि तिच्यात भाडे भरणे नियमात बसत नव्हते, हे मी इथे लपवत नाही. पण तिच्यातून बाळंतिणी दवाखान्यात गेल्या आहेत आणि पोरे परीक्षेला गेली आहेत, हेही तितकेच खरे.

जीपवाल्याचे गणित बिघडवले ते पेट्रोलने. १९७३ च्या अरब-इस्रायल युद्धानंतर काही महिन्यांत जगात कच्च्या तेलाचा भाव पिंपाला सुमारे तीन डॉलरवरून बाराच्या आसपास गेला. आपल्याकडे इंधनाचे दर सरकार ठरवी. पेट्रोल म्हणजे मोटारवाल्यांची चैन, असे धरून त्याच्यावर कर चढत गेले. डिझेल म्हणजे एसटी, ट्रक आणि शेतकऱ्याचे पाणी, म्हणून ते स्वस्त ठेवले गेले. दोन नळ्यांतली ही दरी जसजशी रुंदावली, तसतसे 'हरिकेन' इंजिन म्हणजे दारात बांधलेला हत्ती वाटू लागले. आप्पा म्हणत, "ही गाडी रस्ता नाही पीत, पाकीट पिते."

डिझेल इंजिन मिळण्याची वाटही त्याच काळात मोकळी झाली. महिंद्रने आधी ट्रॅक्टरच्या घराण्यातले डिझेल इंजिन जीपला लावले. मग फ्रान्सच्या प्यूजो कंपनीच्या परवान्यावर 'एक्सडीपी ४.९०' हे इंजिन आले. नावातच त्याचे वर्णन आहे – चार सिलिंडर, ९० मिलिमीटरचा बोअर. स्ट्रोक ८३, म्हणजे एकूण २११२ सीसी. तिकडे आकुर्डीला बजाज टेम्पो मॅटाडोरसाठी मर्सिडीजच्या ओएम ६१६ जातीचे इंजिन बनवू लागली. मॅटाडोर आदळली, मोडली, की तिचे इंजिन भंगारातून निघून जीपमध्ये किंवा एखाद्या ॲम्बेसेडरमध्ये जाऊन बसे. 'मॅटाडोर इंजिनची ॲम्बेसेडर' ही जाहिरात करण्याजोगी गोष्ट होती; लग्नाच्या वरातीला तीच मागत, कारण भाडे परवडे.

हे काम करणारे हात कुठून आले, याचा मी बराच विचार केला आहे. माझे उत्तर असे, की ते कापसातून आणि विहिरीतून आले. धरणगावच्या जिनांमध्ये एक लांब शाफ्ट फिरे आणि पट्ट्यांनी रेचे चालत. त्या शाफ्टला कधी वाफेने फिरवले, कधी ऑइल इंजिनाने, मग विजेच्या मोटारीने. रेचे तेच, शाफ्ट तोच, फिरवणारा बदलला. विहिरीवरही तसेच: १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स कंपनी निघाली आणि तिची इंजिने शेताशेतात पोहोचली. ज्या पोराने पाण्याच्या इंजिनाचा पंप खोलला, नोझल साफ केला, व्हॉल्व्ह घासून बसवले, त्याला जीपच्या डिझेलची भीती का वाटावी?

आमचे इंजिन बदलले ते एका वयस्क मिस्तरींनी. त्यांचे नाव इथे लिहीत नाही. कडुनिंबाच्या फांदीला चेनकप्पी बांधून त्यांनी 'हरिकेन' वर उचलले. मी सोळा-सतरा वर्षांचा, पाने देण्याच्या कामावर. एखाद्या घरातून कर्ता माणूस उठून जावा तसे ते बॉनेट आतून ओकेबोके दिसत होते. मिस्तरी अहिराणीत म्हणाले, "खोकं तेच ऱ्हास, जीव बदली जास."

पण जीव सहजी बदलत नाही. प्यूजोची बेलहाउसिंग आणि जीपचा गिअरबॉक्स यांची भोके जुळत नाहीत. मध्ये लोखंडाची जाड प्लेट कापून बसवावी लागते. ती केसभर जरी तिरपी बसली तरी गिअरबॉक्सचा शाफ्ट आणि इंजिनाचा मध्य एका रेषेत येत नाही आणि महिनाभरात बेअरिंग रडू लागते. मिस्तरींनी ती प्लेट तीनदा काढून तीनदा बसवली. चेसीवरची फाउंडेशने कापून नव्या जागी वेल्ड केली. डिझेलला दाब जास्त, म्हणून सेल्फ आणि बॅटरी मोठी घेतली. हीटर प्लगची वायर ओढली. वजन वाढले, म्हणून पुढच्या पाट्यांत एकेक पाटा वाढवला. आणि या सगळ्याला जागा पुरली, कारण एका सिलिंडर हेडसाठी तीन तपांपूर्वी अमेरिकेत कुणीतरी बॉनेट उंच केले होते. खिडकीइतकी मोकळी ती जागा पुढे येईल त्या इंजिनाला सामावून घेत गेली.

इथे मला एक गंमत नोंदवायची आहे. जीप डिझेल झाल्यावर सगळे म्हणू लागले, "आता गाडीत जोर आला." मीही म्हणे. पुढे आकडे हाती आले तेव्हा चकित झालो. 'हरिकेन' ७२ च्या आसपास. प्यूजो साठीच्या घरात. कागदावर ताकद कमी झाली होती! मग लोकांना जाणवणारा जोर कोणता?

त्याचे एक उत्तर पंपात आहे. डिझेलच्या पंपाला गव्हर्नर असतो. ओझे वाढून इंजिनाचे फेरे पडू लागले, की तो आपणहून डिझेल वाढवतो. क्लच हळू सोडला तर भरलेली जीप ॲक्सिलरेटरला पाय न लावताही चिखलातून सरकते. पेट्रोल इंजिन अशा वेळी मान टाकते. दुसरे उत्तर खिशात आहे. विलिसच्या जीपचे डिफरन्शियल ५.३८ चे, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यामागे प्रोपेलर शाफ्टचे साडेपाचच्या जवळपास फेरे. कमी फेऱ्यांच्या डिझेलला हे जोडल्यावर गाडी पळत नसे. पन्नासच्या पुढे काटा गेला की सगळे पत्रे बोलू लागत. पण आप्पांना पळायचे नव्हते. परदेशात पोरे छोट्या मोटारीत मोठे इंजिन कोंबतात ती शर्यतीसाठी, वेगासाठी. आमच्याकडे 'जोर' या शब्दाचा अर्थ होता, एका रुपयात गाडी किती माणसे किती लांब नेते.

आता कारखान्यांकडे पाहू. १९५१ च्या उद्योग (विकास व नियमन) कायद्यानंतर काय बनवायचे, किती बनवायचे, यासाठी सरकारी परवाना लागे. मोटारीचे पत्रे दाबायचे साचे फार महाग. एकदा आणले की दशकानुदशके वापरायचे. म्हणून खोके तेच राही आणि बदलले तर आतले बदले. ॲम्बेसेडर सुरुवातीला शेजारी-व्हॉल्व्हच्या जुन्या १४७६ सीसी इंजिनावर चाले. १९५९ मध्ये तिला हेडमध्ये व्हॉल्व्ह असलेले १४८९ सीसीचे इंजिन मिळाले. त्याच घराण्यातले डिझेल पुढे तिच्याच पोटात बसले, आणि नव्वदच्या दशकात जपानी इसुझूचे १८०० सीसीचे. चेहरा मॉरिस ऑक्सफर्डचाच. १९८४ ची काँटेसा म्हणजे इंग्लंडच्या व्हॉक्सहॉलचे ऐसपैस अंग आणि आत ॲम्बेसेडरचेच दीड लिटरचे इंजिन. पैलवानाच्या देहात पोराचे फुफ्फुस. तिलाही इसुझू बसवल्यावरच श्वास आला. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कंपनीने १९८५ मध्ये '११८ एनई' काढली: अंग फियाट १२४ चे, इंजिन निस्सानचे, ११७१ सीसी. इटलीचे खोके, जपानचा जीव, जोडणी महाराष्ट्रात!

सगळ्यांत छोट्या गाडीचीही कथा हीच. मारुती ८०० चे ७९६ सीसीचे तीन सिलिंडरचे इंजिन सहा व्हॉल्व्हवर ३७ अश्वशक्ती देई. २००० च्या सुमारास तेवढ्याच सीसीवर बारा व्हॉल्व्हचे हेड आणि कार्बोरेटरऐवजी इंजेक्शन आले, आणि तीच गाडी ४५ वर गेली. म्हणजे 'हरिकेन'चाच धडा, अर्ध्या शतकानंतर: खालचे तसेच ठेवा, श्वास मोकळा करा.

मग मिस्तरी आणि कारखाना यांत फरक काय? फरक आहे, आणि मिस्तरींवरच्या प्रेमापोटी तो मी झाकणार नाही. कारखाना इंजिन बदलतो तेव्हा ब्रेक, स्प्रिंग, वजनाचा तोल यांची परीक्षा घेतो. निदान घ्यायला बांधील असतो. आमच्या मिस्तरींनी पाटा वाढवला, पण ब्रेक तेच ठेवले. पुढे शंभर-सव्वाशे किलोचे ओझे वाढले आणि ड्रम जुनेच. शिवाय स्वस्त डिझेलने माणसे वाढली. जिथे सहा बसत तिथे चौदा बसू लागली, दोघे मागच्या पायरीवर लटकू लागले. एरंडोलच्या उतारावर एकदा ब्रेक लागला नाही. आप्पांनी गाडी बांधाच्या मातीत घातली. कुणाचा जीव गेला नाही, एका बाईचा हात मोडला. त्या रात्री आप्पा जेवले नाहीत. इंजिनाने दिलेल्या जोरात थांबण्याचा जोर धरलेला नव्हता, हे मला तेव्हा कळले.

कायद्याने हे सगळे मुळात बंद केलेले नव्हते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम गाडीतल्या फेरबदलांविषयी आहे. आरसी बुकातली माहिती खोटी ठरेल असा बदल करायचा तर नोंदणी अधिकाऱ्याला कळवून मंजुरी घ्या, असा त्याचा मूळ रोख होता. २००० च्या दुरुस्तीने ते आवळले. आणि ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की उत्पादकाने दिलेल्या मूळ वर्णनाशी विसंगत असा बदल गाडीत करता येणार नाही. रस्त्यावर चालणाऱ्या प्रत्येकाच्या बाजूने पाहिले तर यामागचे कारण समजते. एरंडोलच्या उतारानंतर मला तरी समजते.

पण आमच्या बाबतीत झाले ते असे. इंजिन बदलल्यावर आप्पांनी एका एजंटाला कागदांसाठी पैसे दिले. "झालं काम," म्हणून त्याने बुक परत दिले. आप्पा चौथी शिकलेले, रकाने इंग्रजीत. दर नूतनीकरणाला तोच एजंट बुक नेई आणि शिक्का आणी; गाडी कुणी पाहिली नाही. २००५ मध्ये एका अधिकाऱ्याने प्रथमच बॉनेट उघडायला सांगितले. इंजिनावरचा नंबर वेगळा, इंधन वेगळे. गाडी चोरीची तर नाही, इथपर्यंत चौकशी गेली. ती चोरीची नव्हती हे सिद्ध झाले, पण रस्त्यावर मात्र ती पुन्हा आली नाही. आप्पा एवढेच म्हणाले, "मग अठरा वर्षं मी काय चालवत होतो?"

जीप भंगारात वजनावर गेली. इंजिन मात्र त्याआधी मिस्तरींच्या मुलाने उतरवून घेतले आणि ते एका शेतात पाण्याच्या पंपाला जोडले गेले. विहिरीवरून शिकलेली विद्या फिरून विहिरीवर गेली.

आज हा धंदा संपल्यात जमा आहे. जून २०१० मध्ये पेट्रोलचे आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दर सरकारी नियंत्रणातून मोकळे झाले. दोन नळ्यांतली दरी भरत आली. नव्या गाडीचे इंजिन संगणकाच्या हुकमावर चालते. त्याच्या तारा न जुळवता दुसरे इंजिन बसत नाही. २०२१ मध्ये जुन्या गाड्या मोडीत काढण्याचे धोरण आले. जे जायला हवे ते गेले, याचे दुःख नाही.

दुःख एवढेच, की या कामाची नोंद कुठेच नाही. काँटेसाच्या पोटात इसुझू कधी बसले ते पुस्तकांत सापडते. खानदेशातल्या किती कडुनिंबांखाली किती इंजिने उचलली गेली, कुणी प्लेट तीनदा काढून तीनदा बसवली, हे सांगणारा एकच दस्तऐवज असू शकला असता – आरसी बुक. आणि तेच खोटे बोलते. इतिहास लिहिणाऱ्याने कागदावर विश्वास ठेवावा असे म्हणतात. माझ्याकडचा कागद पेट्रोल म्हणतो. माझ्या हाताला मात्र अजून त्या उन्हाळ्यातल्या डिझेलचा वास आठवतो. म्हणून बुकातला रकाना मी दुरुस्त केलेला नाही. शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने फक्त एक ओळ लिहून ठेवली आहे : १९८७, उन्हाळा, धरणगाव. इंजिन बदलले.